बुशेलचा क्विंटल का होईना?

सोयाबीनची रास झाली की लातूरकडच्या औशाहून अण्णांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं उतारा कसा हाय?" मी राहते अमेरिकेत, आयोवा राज्यात. गावाबाहेर पडलं की मका नाहीतर सोयाबीनच. यंदा एका शेतकऱ्याला मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, एकरी साठ बुशेल. बुशेल म्हणजे इकडचं धान्याचं माप. आता अण्णांना बुशेल कसं सांगणार?

लॅपटॉपवर 'ग्नू युनिट्स' आहे, एका मापाचं दुसऱ्या मापात करून देणारं. मुक्त सॉफ्टवेअर, फुकट, नेट लागत नाही, जाहिराती नाहीत. दिसायला अगदीच रुक्ष. काळ्या पडद्यावर दोनच प्रश्न विचारतं: तुमच्याकडं काय आहे, तुम्हाला काय हवंय. मी बुशेल दिलं, क्विंटल मागितलं. त्यानं सरळ नकार दिला! मापांचा मेळ बसत नाही म्हणे.

चूक माझीच होती. बुशेल हे भरून मोजायचं माप, आपल्या पायलीसारखं. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई तागडीत सारखी कशी भरेल? म्हणून व्यापारात प्रत्येक धान्याच्या बुशेलचं वजन ठरवून दिलंय: सोयाबीन ६० पौंड, मका ५६, ओट तर ३२च. युनिट्समध्ये सोयाबीनचं बुशेल वेगळं आहे. तसले साठ लिहिल्यावर मुकाट उत्तर आलं, १६.३३ क्विंटल.

आपली मापंही त्यात घालता येतात. साध्या मजकुराच्या फाइलीत एक ओळ लिहायची. मी गुंठा घातला: ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठे विचारले तर बरोबर एक एकर. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर वाचायलाही आता तेच उघडते.

अण्णांना फोन लावला.

"किती म्हनलीस माय? सोळा?" आमच्या रानात यंदा आठ निघाले होते. "एकर तेवढाच असतो का तिथला?"

"तेवढाच, अण्णा. चाळीस गुंठ्यांचाच."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पाऊस किती पडतो, इचार त्याला."

विचारलं. वर्षाला पस्तीस इंच. युनिट्स म्हणालं, ८८९ मिलिमीटर. लातूरची सरासरीही आठशेच्या आसपासच आहे.

"पर तो बारा महिन्यांत वाटून येत आसंल," अण्णा म्हणाले. "आपला येतो तवा येतो."