पावसाने खाल्लेली तासिका

18 ऑगस्ट 2025, सोमवार. दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही काहीजण दादरच्या शाळेत पोचलोही होतो. मुलांना परत पाठवलं. गाड्या उशिराने धावत होत्या, त्यामुळे शिक्षकखोलीतच बसावं लागलं. मग दहावीच्या गणिताच्या नियोजनाची वही उघडली.

आठवीपर्यंत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब असतो: सहावी ते आठवीला 220 दिवस, 1000 तास. दहावीला खरी वेसण पूर्वपरीक्षेची. ती जानेवारीत, म्हणजे अभ्यासक्रम डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपायला हवा. त्यातून घटक चाचणी, प्रथम सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन वजा करा. उरतात त्या तासिका. हे सगळेच करतात. पण बहुतेक जण दिवस मोजतात. मोजायचे असतात वार.

आमच्याकडे भाग 2, म्हणजे भूमिती, सोमवार, बुधवार, शुक्रवार. 15 ऑगस्ट शुक्रवारी आला. गणपती 27 तारखेला, बुधवारी; गौरी विसर्जन 2 सप्टेंबरला, तोवर सुट्टी. म्हणजे मधल्या काळात भूमितीला चारच तासिका मिळत होत्या: 18, 20, 22, 25. त्यातली पहिली पावसात गेली.

वहीत लिहिलं होतं: 18 ला अंतर्लिखित कोनाचं प्रमेय (शिरोबिंदू वर्तुळावर असलेला कोन समोरच्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो), 20 ला उपप्रमेये, 22 ला चक्रीय चौकोन (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेला), 25 ला सराव. अशा वेळी पहिला मोह होतो तो प्रमेय आणि उपप्रमेये एकाच तासिकेत उरकण्याचा. तो आवरायचा. या प्रमेयाच्या सिद्धतेत तीन शक्यता आहेत: वर्तुळकेंद्र कोनाच्या भुजेवर, कोनाच्या आत आणि बाहेर. पहिली नीट झाली की उरलेल्या दोन तिच्याच बेरीज-वजाबाकीने निघतात. घाईत पहिलीच निसटते, आणि चाचणीत मुलं अंतर्लिखित कोन कंसाच्या मापाइतकाच लिहून मोकळी होतात. कंसाच्या मापाइतका असतो तो केंद्रीय कोन; त्याच्याशी गल्लत होते ती इथेच.

दुसरा मोह सराव उडवण्याचा. सुट्टीआधीच्या शेवटच्या तासिकेत नवं प्रमेय शिकवलं, की सुट्टीनंतर ते पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. एक तासिका वाचवायला जाऊन दोन जातात. म्हणून चक्रीय चौकोन पुढे ढकलला आणि 25 चा सराव तसाच ठेवला.

मग ही तासिका भरून कुठून काढायची? त्रिकोणांच्या समरूपतेला हात लावता येत नाही, कारण पायथागोरसच्या प्रमेयाची पाठ्यपुस्तकातली सिद्धताच तिच्यावर उभी आहे, आणि वर्तुळातल्या जीवा-छेदिकांची प्रमेयेही. त्रिकोणमितीचं मूळही तिथेच. ही साखळी तोडली की पुढचं सगळं लोंबकळतं. महत्त्वमापन, म्हणजे पृष्ठफळ-घनफळ, मात्र बरंचसं सुटं आहे. वृत्तचिती, शंकू, गोल यांची सूत्रं आधी ओळखीची असतात. डिसेंबरातली तिथली एक सरावाची तासिका कापली, तिची उदाहरणं गृहपाठात टाकली.

खरं तर दर महिन्याला दोन तासिका राखीव ठेवायला हव्यात. नियोजनाच्या वहीत त्यांना रकाना नसतो, म्हणून ‘उजळणी’ असं लिहायचं. तपासणीला कोणी काही विचारत नाही.

भाग 1 ला, म्हणजे बीजगणिताला, अंकगणिती श्रेढी चालू होती. रात्री मंगळवारच्याही सुट्टीचा निरोप आला. अशा सुट्टीनंतर निम्मा वर्ग रिकामा असतो, तेव्हा श्रेढीचं सूत्र पुढे न्यायचं नाही. गैरहजर मुलं कायमची मागे पडतात. त्या दिवसासाठी अर्थनियोजनातला जीएसटी ठेवतो. त्याला शेकडेवारी पुरते. दुकानाचं बिल घ्यायचं: वस्तू 500 रुपयांची, दर 18 टक्के, केंद्राचे 45, राज्याचे 45, एकूण 590. जी मुलं येत नाहीत, त्यांना हे घरच्या बिलावरही समजतं.

सप्टेंबरसाठी लिहिलं: 3 ला चक्रीय चौकोन, 5 ला ईद-ए-मिलादची सुट्टी, 8 ला स्पर्शिका-छेदिका कोन. पुढे मुंबईत ईदची सुट्टी 5 वरून 8 ला गेली. दोन्ही वार भूमितीचेच, त्यामुळे नुसती तारीख खोडून भागलं.