सांगून गेलेली आई

शनिवार, २१ जून

ओल्या छत्र्या पुसून, वर्ग आवरून घरी यायला एक वाजला. छोट्या शिशूच्या वर्गाचा पहिला आठवडा संपला. बावीस मुलांपैकी सोमवारी चौदा रडत होती, आज पाच. पण या आकड्यावर मी विसंबत नाही. सोमवारी टाटा करून हसत आत गेलेले दोघे आज दारातच आडवे पडले. दर जूनला असं होतं. नवं दप्तर, नवी खेळणी, घसरगुंडी यांत पहिले तीन-चार दिवस जातात, आणि मग मुलाला कळतं की हे रोजचंच आहे. खरं रडू तेव्हा फुटतं. पालकसभेत मी हे आधीच सांगते, तरी त्या दोघांतल्या एकाच्या आईचा चेहरा उतरला होता. "ताई, वर्गात कोणी मारलं का त्याला?" मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. अजून चार-आठ दिवस घरी चिडचिड होईल, जेवण कमी होईल, सुटलेली शू पुन्हा अंथरुणात होईल, हे पुन्हा सांगितलं. ऐकून तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

वयाचा हिशोबही लोक विसरतात. प्रवेशाचा नियम आहे ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल आत्ता जूनमध्ये अडीच वर्षांचं असतं, आणि त्याच्या शेजारच्या पाटावर साडेतीन वर्षांचं. एवढ्याशा आयुष्यात एक वर्ष म्हणजे केवढं! त्या दोघांच्या आया फाटकाबाहेर उभ्या राहून तुलना करतात तेव्हा मला राहवत नाही, मी जाऊन बोलतेच.

पण आज लिहायचं होतं ते निळ्या छत्रीवाल्याबद्दल.

तो नाशिकच्या सातपूरचा. आईवडील धुळ्याकडचे, घरात अहिराणी. मे महिन्यात आम्ही शिक्षिका दोघी-दोघी मिळून घरोघरी जाऊन आलो, तेव्हा त्याच्या घरीही गेले होते. मूल शाळेत येण्याआधी शाळेने एकदा त्याच्या घरी जावं, हे मी माझ्या पहिल्या मुख्याध्यापिकांकडून शिकले. त्या नेहमी ताराबाई मोडकांचं सांगायच्या. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ताराबाईंनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, वस्तीवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. आमच्या भेटी त्यापुढे अगदी लहान, अर्ध्या तासाच्या. मी काही शिकवत नाही. मूल पाण्याला काय म्हणतं, शू लागली की काय म्हणतं, झोपताना काय जवळ घेतं, एवढं वहीत लिहून आणते. या मुलाच्या पानावर पहिल्याच ओळीत आहे: "माले" म्हणजे मला.

सोमवारी आई त्याच्याशेजारी बसली, मंगळवारीही. बुधवारी आयांनी व्हरांड्यात बसायचं असं ठरलेलं. पण तिला शिवणाच्या कामावर पोचायचं होतं. तो ठोकळे लावत होता तेवढ्यात ती मागच्या दाराने निघून गेली. वळून बघितलं तर आई नाही. नंतरचा पाऊण तास तो दाराची कडी धरून उभा होता. "माले घर जावानं शे." तेवढं एकच वाक्य. ना डबा, ना पाणी. मावशींनी फुगा आणला, तो त्याने बघितलाही नाही.

तिला दोष देण्याचा मला हक्क नाही. पूर्वी हेच मी आयांना शिकवत होते. "तुम्ही जा पटकन, मी बघते त्याच्याकडे," असं म्हणून किती जणींना मी गुपचूप बाहेर काढलं! मग एका वर्षी एक मुलगी आली. आई नजरेआड झाली ती तशीच, आणि पुढे तीन आठवडे त्या मुलीने दाराकडे पाठ केली नाही. चित्र काढताना, खाताना, गाण्याच्या गोलातसुद्धा तोंड दाराकडे. आईवर लक्ष ठेवायला हवं, नाहीतर ती जाते, एवढं मी तिला शिकवलं होतं. तेव्हापासून मी कुणालाही न सांगता जाऊ देत नाही. बुधवारी माझं लक्ष दुसऱ्या मुलाकडे होतं, म्हणून ते घडलं.

संध्याकाळी तिला फोन केला. ती आधीच रडत होती. म्हणाली, "ताई, सांगून निघाले तर तो जास्त रडेल." मी म्हटलं, रडू दे. रडेल, पण तू कुठे गेलीस आणि कधी येणार, हे त्याला माहीत असेल. "आत्ता येते", "चॉकलेट घेऊन येते" हे नको, कारण ते खरं नाही. घड्याळातली वेळही नको, त्याला ती कळत नाही. आणि घरात कुणी "थांब, ताईंना नाव सांगते" अशी भीती घालत असेल तर तेही आजपासून बंद.

गुरुवारी पावसात भिजत दोघं आली. ती खाली बसली, त्याच्या डोळ्यांत बघून त्यांच्या बोलीत म्हणाली की मी शिवायला जाते, तुझा डबा झाला, गाणी झाली की दारात येते. आणि वळली. तो किंचाळला, मला लाथा मारल्या. मी त्याला मांडीवर घेऊन बसले. गप्प हो म्हटलं नाही, "आई हवी आहे तुला" एवढंच म्हणत राहिले. तिची जुनी ओढणी दप्तरात होती, ती त्याच्या हातात दिली. बारा मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

शुक्रवारी सात.

आज तो रडतच आत आला, पण ओढणी खांद्यावर टाकून स्वतः खुंटीपर्यंत गेला आणि दप्तर अडकवलं. डब्यातली भाकरी शेजारच्याला दिली. गाणी संपायच्या आत मात्र उठून दाराशी गेला. आज ती दोन मिनिटं उशिरा आली. ती दोन मिनिटं त्याच्याइतकीच मलाही जड गेली.

तिच्याही ते लक्षात आलं असावं. जाताना म्हणाली, "सोमवारी गाण्यांच्या आधीच येऊन थांबते, ताई. मालकिणीला सांगून ठेवलंय." आणि वहीत लिहायला मला एक नवा शब्द सांगून गेली.