लिफाफ्यावरचा शिक्का

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नावावर साडेतीन एकर वावर आहे. त्यात पऱ्हाटी आणि मधात तुरीची तासं. गेल्या वर्षी बोंडं फुटायच्या वेळी पाऊस लागून राहिला आणि कापूस झाडावरच काळा पडला. पंचनामा झाला, पण मदतीच्या यादीत आमचं नाव नव्हतं. धुऱ्यापलीकडच्या वावराचं होतं. एकाच पावसानं धुऱ्याच्या दोन बाजूंना वेगळं नुकसान कसं केलं, हे आम्हाला कळायला हवं होतं.

म्हणून माहिती अधिकारात पंचनाम्याच्या नकला मागितल्या. अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ', त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. १४ नोव्हेंबरला तालुक्याला गेले. खिडकीतले म्हणाले, "ठेवून जा मॅडम, शिक्का नंतर मारतो." मी तिथेच उभी राहिले. घरून निघताना मामाजी बोलले होते, "पोच घेतल्याबिगर येजो नको, बाई." तास गेला, पण आवक क्रमांक आणि तारीख घेऊनच निघाले. माहिती अधिकार कायद्यातले ३० दिवस अर्ज तिथे पोचल्यापासून मोजतात. पोच नसेल तर आपला अर्ज कधी आला, हे त्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं.

१४ डिसेंबर उलटला. काहीच आलं नाही. मुदतीत उत्तर न देणं म्हणजे कायद्यानं नकारच.

२८ डिसेंबरला पोस्टमन भाऊंनी पत्र दिलं. ३२ पानं आहेत, पानाला २ रुपयांप्रमाणे ६४ रुपये भरा. पत्रावर तारीख ११ डिसेंबर, म्हणजे सत्ताविसावा दिवस. मी चाट पडले. फीचं पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे कागदावर त्यांचं सगळं बरोबर होतं. लिफाफा चुलीजवळ पडला होता. सासूबाई तो पेटवणीला घेणार तेवढ्यात मी उचलला. पोस्टाचा शिक्का २६ डिसेंबरचा!

६४ रुपये ही काही मोठी रक्कम नाही. मामाजी म्हणाले, "भरून टाक, कटकट नको." पण मला ते पटेना. मुदत टळली की माहिती फुकट द्यावी लागते, असं कलम ७(६) सांगतं. पैसे भरले असते तर ११ तारीख खरी मानल्यासारखं झालं असतं. २ जानेवारीला २० रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं, सोबत लिफाफ्याची झेरॉक्स. अपिलाचा निकालही ३० दिवसांत, फार तर कारण नोंदवून ४५ दिवसांत लागायला हवा. २९ जानेवारीला सुनावणी झाली. अपिलीय अधिकाऱ्यांनी मूळ लिफाफा हातात घेऊन दोनदा पाहिला आणि माहिती विनामूल्य द्या असा आदेश दिला. दंडाचं मी विचारलं. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, पण तो लावणं फक्त राज्य माहिती आयोगाच्या हातात.

आयोगाचं खंडपीठ आमच्यासाठी अमरावतीला. तिथे ९० दिवसांच्या आत दुसरं अपील करा, ही मुदत आपल्याला आहे. आयोगानं किती दिवसांत निकाल द्यावा, याला कायद्यात मुदत नाही. ही फट बुजवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पेरणी कोणासाठी थांबत नाही.

नकला मिळाल्या. आमच्या गटापुढे नुकसान ३० टक्के लिहिलंय. मदतीला किमान ३३ लागतात. पलीकडच्या गटापुढे ४५. खाली मामाजींच्या नावानं अंगठा आहे. मामाजी सातवी शिकलेले, आजवर सहीच करत आले. तो कागद हातात धरून ते ओसरीवर बराच वेळ बसले होते, मग म्हणाले, "हा माहा नोहे."

त्या दिवशीच्या स्थळ पाहणीचे फोटो आणि मूळ नोंदवही मागणारा नवा अर्ज मी सोमवारी देऊन आले. पोच घेतली आहे.