फर्मा गेला, ॲक्सिस राहिला: आमच्या लॅबची वाटचाल

आमच्या चष्म्याच्या लॅबची सुरुवात हातघासणीने झाली. फ्रेमचा फर्मा (आकाराचा साचा) कापायचा, लेन्सवर आखायचा, जादा कड पकडीने मोडायची आणि ओल्या चाकावर फिरवत खाचेत बसेल अशी धार काढायची. पुढे फर्म्यावर चालणारं मशीन आलं, मग ट्रेसर. त्याची सुई फ्रेमच्या खाचेतून फिरते, आकार थेट मशीनला मिळतो. कोपऱ्यात फटी राहणं जवळजवळ बंद झालं. सेंटर (बाहुलीसमोर यायला हवा तो लेन्सचा बिंदू) आणि ॲक्सिस (सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेत काम करणाऱ्या नंबरचा, कोन) मात्र मशीनला आपोआप कळत नाहीत.

परत येणाऱ्या चष्म्यांत सगळ्यात फसवा दोष ॲक्सिसचा. २.०० चा सिलिंडर ५ अंश फिरला, तर साधारण ०.३५ सिलिंडर शिल्लक राहतो. नंबर तपासला तर बरोबरच निघतो, म्हणून ॲक्सिसकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाणी न धरणाऱ्या कोटिंगवर हे जास्त होतं. घासताना लेन्स धरणारा चिकट पॅड घसरतो आणि लेन्स जागेवर फिरते. त्यामुळे अशा लेन्सवर आधी पकड देणारी फिल्म लावतो, घासणीचा दाब कमी ठेवतो आणि फिटिंगनंतर लेन्सोमीटरवर (नंबर आणि ॲक्सिस मोजणाऱ्या यंत्रावर) पुन्हा पाहतो.

सेंटरचं गणित सोपं आहे: सरकलेले सेंटिमीटर गुणिले नंबर. ५ नंबरची लेन्स ४ मिलिमीटर सरकली की २ प्रिझम (समोरचं दृश्य बाजूला सरकवणाऱ्या परिणामाचं माप). दोन्ही लेन्स सारख्या नंबरच्या आणि सारख्याच खाली बसल्या तर डोळे सांभाळून घेतात. एक वर, एक खाली झाली की डोकं दुखतं. आडव्या सेंटरसाठी पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर) आम्ही प्रत्येक डोळ्याची वेगळी घेतो. प्रोग्रेसिव्हला (दूर-जवळचे नंबर एकाच लेन्समध्ये असलेल्या चष्म्याला) तर बाहुलीची उंचीही हवीच, आणि तीही फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवल्यावरच.

दुरुस्तीत मेटल फ्रेमला डाग (तुटलेला सांधा धातू वितळवून जोडणं) देण्याआधी लेन्स काढणं सक्तीचं, नाहीतर उष्णतेने कोटिंगवर बारीक तड्यांची जाळी येते. टायटॅनियमला साधा डाग धरत नाही, तिथे बहुतेक वेळा लेसर वेल्डिंग लागतं. पॉलिकार्बोनेटच्या रिमलेसला (लेन्सभोवती कडा नसलेल्या, भोकातल्या स्क्रूवर बसणाऱ्या चष्म्याला) स्क्रू आवळून बसवला की भोकाभोवती चीर जाते, अ‍ॅसिटोन लागलं तरी तेच. (‘घट्ट करून द्या’ म्हणणाऱ्यांचं तिथे ऐकू नये.) सुप्राची (अर्ध्या कडेच्या फ्रेमची) लेन्स धरणारी नायलॉन दोरी सैल असेल तर लेन्स निसटते, फार ताणली तर खाचेच्या कडेचा टवका उडतो. दोरी बसवल्यावर लेन्स बोटांनी हलकेच फिरवून पाहतो. फिरली, तर दोरी काढून थोडी आखूड कापतो.