ब्लँकमधलं शिसं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कुपवाड एमआयडीसीतल्या लॅबमध्ये मी हरिपूरच्या संगमावरचे पाण्याचे नमुने लावले होते. कृष्णेला वारणा मिळते तिथले. काम हातातलं. बाटल्या रात्रभर १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवायच्या, नमुना भरल्याबरोबर ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली आणायचा. नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि नदी उगाच स्वच्छ ठरते. मग ५० मिली नळीत घेऊन, ॲसिड घालून फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कप्प्यात, हॉट ब्लॉकवर ठेवायचं. गरम करायचं, उकळू द्यायचं नाही.

सोबत ब्लँक असतो. नुसतं शुद्ध पाणी, पण सोपस्कार सगळे नमुन्याचेच. त्यात काही निघायला नको. संध्याकाळी आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचा अंशही मोजणाऱ्या मशीनवर, ब्लँकमध्ये शिसं निघालं ६ पीपीबी, म्हणजे अब्ज भागांत सहा भाग. पिण्याच्या पाण्यातली मर्यादाच १० आहे. मग नदीचे आकडे कुणाला सांगायचे?

ॲसिडवर संशय घेऊन नवी बाटली फोडली. तेच. शुद्ध पाणी थेट मशीनला दिलं, तर स्वच्छ. दोन दिवस ब्लँक कधी ६, कधी ११ असा नाचत होता. ॲसिड खराब असतं तर दरवेळी सारखंच आलं असतं. हे मला पहिल्याच संध्याकाळी सुचायला हवं होतं, पण साहेबांनी तीनदा रिपोर्ट मागितला की डोकं चालत नाही.

तिसऱ्या दिवशी नळीचं झाकण लावताना हातमोज्याकडे लक्ष गेलं. पांढऱ्या अंगठ्यावर केशरी तेलकट डाग. हूडची काच वर केली, आणि जिथं बोटं लागतात बरोबर तिथं स्वस्तिक! खंडेनवमीला आमच्या शिपाईमामांनी सगळ्या मशिनींची पूजा केली होती. नारळ तर मीच फोडला होता.

"मामा, हे कुंकू आहे ना?"

"न्हाई मॅडम, शेंदूर हाय. मारुतीला लावतो त्योच. तेलात कालवलाय, लवकर पुसत न्हाई."

खरंच पुसत नव्हता. पुडीतली चिमूटभर पूड मशीनला द्यायची हिंमत नव्हती, आठवडाभर धुवत बसावं लागलं असतं. परीक्षानळीत टाकून नायट्रिक ॲसिड घातलं. केशरी रंग बघता बघता चॉकलेटी झाला. बारावीतला रेड लेड, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. गाळून वरच्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब टाकले, तर हळदीसारखा पिवळा साका बसला. शिसंच.

काच ॲसिडनं धुतली, मोजे बदलले, राखून ठेवलेल्या नमुन्यांतून सगळं पुन्हा लावलं. ब्लँक शून्याशी आला.

मामा नळीकडे बघत उभे होते. पूजेचं त्यांनी काढलंच नाही. म्हणाले, "नातू मारुतीला बोट लावतोय आन् तेच तोंडात घालतोय की."

"हात धुवायला लावा. आणि डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या."

पुडी मी धोकादायक कचऱ्याच्या डब्याकडे नेली, तर ते आडवे आले. "देवाचं हाय ते. त्यात कसं टाकायचं?"

ती अजून माझ्या कपाटात आहे. बंद बाटलीत, वर 'शिसे' असं लेबल लावून.