आमची वाटचाल : जुन्या सिंथला नव्याशी सुरात आणताना

पुण्यात आम्ही सुरुवात केली ती कीबोर्ड आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीपासून. गणपतीच्या आधी ऑर्केस्ट्रावाल्यांची रीघ लागायची. त्यातच एका संगीतकाराने कॉर्ग कंपनीचा एमएस-२० हा सिंथ (विजेवर स्वर निर्माण करणारं वाद्य) आणला, १९७८ च्या घडणीचा. एकटा वाजवला तर सुरेख, पण नव्या युरोरॅक पद्धतीच्या सिक्वेन्सरला (ठरवलेले स्वर क्रमाने वाजवून घेणाऱ्या यंत्राला) जोडला की चाल ओळखू येईना. बिघाड कशातच नव्हता. दोघांचं गणितच वेगळं.

कोणता स्वर वाजवायचा हे एक यंत्र दुसऱ्याला व्होल्टेजने सांगतं. युरोरॅकमध्ये एक सप्तक चढायला एक व्होल्ट वाढतो : १, २, ३, ४. एमएस-२० मध्ये दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं : १, २, ४, ८. स्वर कधी सुरू करायचा हे सांगणाऱ्या गेटचंही (जुन्यात ट्रिगरचंही) तसंच. नवं यंत्र पाच व्होल्ट देतं, जुन्याला मात्र ट्रिगरची तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, टेकलेली हवी असते. हे एका ट्रान्झिस्टरने भागतं.

स्वरांचं व्होल्टेज बदलून द्यायला आम्ही कन्व्हर्टरची पेटी बनवतो. तिचा खरा कस लागतो खर्जात. पाव व्होल्टाच्या आसपास कीबोर्डच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये जेमतेम पंधरा मिलिव्होल्टचं अंतर उरतं. तिथे पाच मिलिव्होल्टची चूक म्हणजे स्वर एक-तृतीयांश पट्टी सरकला; तीच चूक आठ व्होल्टला कानाला कळतही नाही. म्हणून कन्व्हर्टरचा ट्रिमर (बारीक जुळणीचा स्क्रू) आम्ही आधी खालच्या सप्तकात लावतो, मग वर जातो. मीटर जुळला तरी तानपुरा लावून ऐकल्याशिवाय पेटी बंद होत नाही.

दुसरा शत्रू उकाडा. कन्व्हर्टरमध्ये दुप्पटीचं गणित करणारी ट्रान्झिस्टरची जोडी तापमानाला फार हळवी असते. भरपाई केली नाही, तर दहा अंशांच्या वाढीत दोन सप्तकं वरचा स्वर जवळजवळ एक पट्टी उतरतो. त्यासाठी तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर त्या जोडीला अगदी चिकटवून बसवावा लागतो. स्वस्त पेट्यांत नेमका हाच वगळलेला दिसतो आणि मला त्याचा राग येतो.

आता कामाचा मोठा भाग हाच आहे. यंत्र नवं म्हणून जुळेलच असं नाही. २०१३ चा एमएस-२० मिनीही जुन्याच पद्धतीवर चालतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला शक्यतो त्याचा सिंथ सोबत आणायला सांगतो आणि त्याच यंत्रावर घेतलेल्या मापांचा कागद पेटीत घालून देतो. सध्या बुकला या दुसऱ्या कंपनीच्या सिंथसाठी जुळणी चालू आहे. तिथे सप्तकाला १.२ व्होल्ट लागतात, दुप्पट करायची भानगड नाही, त्यामुळे ती पेटी बरीच स्वस्तात देता येईल.