एकवीस वर्षांचे खेत्रपाल

आज एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, दीक्षांत संचलन पाहिलं. खडकवासल्याच्या ज्या मैदानावर ती पोरं ताठ मानेनं चालत होती, त्याचं नाव खेत्रपाल मैदान. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच प्रबोधिनीत घडले. जन्मही पुण्यातलाच, १९५० चा.

जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये रुजू झाले आणि १६ डिसेंबरला भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. वय २१. रणगाडा पेटला होता, वरिष्ठ वायरलेसवर बाहेर पडायला सांगत होते. तोफ अजून चालतेय म्हणून ते हटले नाहीत. दुसऱ्याच दिवशी युद्धविराम झाला. एकच दिवस! हे मला दरवेळी सहन होत नाही. परमवीरचक्र मिळालं, पण मरणोत्तर.

त्याहून मनात रुतून बसलेत त्यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल. २००१ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ते आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. ज्यांनी पाहुणचार केला त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनीच सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तीस वर्षं हे ओझं त्यांनीही वाहिलं असणार. दोघंही सैनिक. समोरच्यानं कर्तव्य केलं, हे त्या बापाला कळत असेलच. पण ते ऐकून घ्यायला केवढी छाती लागली असेल!